थोडं डावीकडे

आमचे घड्याळजी ही गोष्ट सांगायला बसले की आधी डोळ्यावरचं भिंग काढून काउंटरवर ठेवतात आणि बजावतात, "यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचाच बसता बसला नव्हता." मग एकदा मागच्या पडद्याकडे बघतात. दुकानाच्या मागे, पडद्यापलीकडे त्यांचं घर आहे. बायको बाजारात गेलेली असेल तरच गोष्ट पुढे सरकते. घरात असेल तर भिंग मुकाट्याने परत डोळ्यावर चढतं आणि गिऱ्हाइकाला नुसता पट्टा बदलून मिळतो.

परवा बाई बाजारात गेल्या होत्या. उतरतं ऊन दुकानात शिरून काउंटरच्या काचेवर आडवं पडलं होतं. भिंतीवरची घड्याळं दुरुस्तीला आलेली असल्याने प्रत्येक जण आपापल्या मताने चालला होता, आणि त्या सगळ्या टिकटिकीचा मिळून हलका पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता. अशा वेळी माणसाला झोप तरी येते किंवा थापा तरी सुचतात. समोरचा न्हावी हातातलं काम टाकून येऊन बसला. ते काम, म्हणजे अर्ध्या गालाला साबण लावलेलं एक गिऱ्हाईक, तेही मागोमाग येऊन दारात उभं राहिलं.

"तर केबलवाल्यापासून सुरू झालं," घड्याळजी म्हणाले.

झालं असं, की एका सकाळी केबलवाला आला आणि म्हणाला, "काका, मी केबल बंद करतोय. शोभेच्या माशांचं दुकान टाकतोय. लोकांना संध्याकाळी समोर काहीतरी हलतं लागतं, एवढाच या धंद्याचा अर्थ. मासे स्वस्त पडतात." आणि झाडाझाडांवरून आणलेली आपली वायर गुंडाळत तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मागे राहिला तो घड्याळजींचा टीव्ही, पडद्यावर नुसत्या मुंग्या घेऊन.

आता दुसरं काय घ्यायचं, हा प्रश्न आला. घड्याळजी कोणतीही गोष्ट घाईने घेणारे नव्हेत. घड्याळाची केसाएवढी स्प्रिंगसुद्धा ते उजेडात धरून चार बाजूंनी बघतात. तेव्हा त्यांनी टीव्हीचा विचार सुरू केला आणि तो सुरू झाल्याची बातमी इमारतभर पसरली.

वरच्या मजल्यावर बँकवाले राहतात. त्यांच्याकडे डिश आहे. ती त्यांनी बाल्कनीच्या कठड्याला लावली आहे आणि त्यांची मंडळी तिच्यावर मोजे वाळत घालतात. बँकवाले जिन्यातूनच सुरू झाले. "डोळे मिटून डिश घ्या. थेट आकाशातून येतं, मध्ये कोणी माणूस नाही."

"आणि ढग आले की?"

"ढग आले की ढग बघायचे. तेवढीच डोळ्यांना विश्रांती."

घड्याळजींना ते पटलं. पण त्यांच्या घराला बाल्कनी नाही, म्हणजे डिश गच्चीवर लावायला हवी, आणि गच्ची म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. सेक्रेटरींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग नकार दिला. "टाकीजवळ लावू नका, प्लंबरला वळायला जागा लागते. दोऱ्यांजवळ नको, कपडे अडकतील. आणि त्या बाजूला तोंड करून तर मुळीच नको."

"पण उपग्रह त्याच बाजूला आहे म्हणतात."

"असेल. माझी खिडकीही त्याच बाजूला आहे. कोणीतरी ताट पुढे करून आपल्याकडे एकटक बघतंय, असं मला दिवसभर वाटत राहील."

उपग्रह हलवणं घड्याळजींच्या हातात नव्हतं, आणि सेक्रेटरींची खिडकी हलवणं कोणाच्याच नव्हतं. डिशचा विषय तिथे संपला.

शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "साधा अँटेना लावा. एकच वाहिनी दिसते, पण माणूस वेळेवर झोपतो."

अँटेना म्हटल्याबरोबर घड्याळजींचा चेहरा पडला. गुरुजींना वाटलं आपलं काही चुकलं. चुकलं काही नव्हतं. ते एक जुनं दुखणं होतं, आणि ही सगळी गोष्ट त्या दुखण्याचीच आहे.

घड्याळजींच्या बायकोला सगळे ऑपरेटरबाई म्हणतात. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन, हातात वायरी, आणि आवाज असा की परगावच्या तुटक्या लाइनवरून भांडायला आलेला माणूससुद्धा आभार मानून फोन ठेवायचा. एक्स्चेंजमधल्या बायकांचं एक गाण्याचं मंडळ होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी त्या मंडळाला टीव्हीवर बोलावणं आलं. समूहगान. त्यातलं मधलं कडवं बाई एकट्या म्हणणार होत्या. घड्याळजींनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं. न येईल त्यालाही रस्त्यात गाठून सांगितलं. चित्रण होऊन बाई घरी परतल्या. वस्तीत तेव्हा टीव्ही एकट्या घड्याळजींकडे होता, आणि कार्यक्रमाच्या संध्याकाळी बाईंनी दार आतून लावून घेतलं. म्हणाल्या, "गर्दी नको. आपण दोघंच बघू."

कार्यक्रम लागणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अहो, चित्र हलतंय." घड्याळजी चपलाही न घालता गच्चीवर धावले आणि त्यांनी अँटेनाची काठी धरली. "आलं का?" ते वरून विचारत. "गेलं," खालून उत्तर येई. "थोडं डावीकडे." ते डावीकडे फिरवत. "आलं का?" "आलं होतं, परत गेलं. अजून थोडं डावीकडे." काठी डावीकडे फिरवता फिरवता घड्याळजींनी अख्खं गाणं गच्चीवर काढलं. शेवटी "आलं, उतरा आता" असा पुकारा झाला. ते धापा टाकत खाली पोचले, तेव्हा पडद्यावर एक गृहस्थ गव्हावरच्या किडीबद्दल बोलत होते.

तो कार्यक्रम परत कधी लागला नाही. बाई त्यावर चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि घड्याळजींना तेच जास्त लागलं. बोलल्या असत्या तर वाद घालता आला असता. जगाला वेळेवर पोचवणारा माणूस आपल्याच बायकोच्या गाण्याला पोचला नाही, हे शल्य त्यांनी उरात बाळगलं. अजूनही कुठे अँटेना दिसला की ते मान खाली घालून जातात.

तर गुरुजी अँटेना म्हणाले आणि घड्याळजींनी तोही विषय मिटवला. त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस आला.

तो ब्रॉडबँडवाला. गळ्यात टाय, हातात चकचकीत पत्रक, आणि बूट काढल्यावर मोज्यातून बाहेर डोकावणारा अंगठा. "काका, आमचं आकाशातून येत नाही, तारेतून येतं. एकाच तारेत फोन, इंटरनेट, टीव्ही सगळं. ढगांचा संबंध नाही, सेक्रेटरींचा संबंध नाही. मध्येच थांबवता येतं. मागे नेता येतं."

"मागे? काय मागे नेता येतं?"

"कार्यक्रम. एखादा सुटला असेल तर मागे जाऊन बघायचा."

घड्याळजींच्या चिमट्यातला स्क्रू खाली पडला, आणि त्यांनी तो शोधलासुद्धा नाही. काटे कधी उलटे फिरवू नका, आतलं यंत्र दुखावतं, असं त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. आणि इथे कोणी टाय लावलेला माणूस मागे जायची गोष्ट करत होता. त्यांनी घसा साफ करून विचारलं, "किती मागे?"

माणूस एव्हाना दारात वाकून बूट घालत होता. "हवं तितकं, काका," तो म्हणाला. पुढच्या घरी उशीर झालेली माणसं जसं बोलतात तसं.

जोडणी झाली. भिंतीला भोक पडलं, भोकातून तार आली, तारेच्या टोकाला हिरवे दिवे लुकलुकणारी एक डबी बसली. घड्याळजींनी मोठ्या आशेने मागे जायचं बटण दाबलं. टीव्ही आठवडाभर मागे गेला आणि थांबला. पुढे, म्हणजे मागे, जाईना. परत दाबलं. पडद्यावर पाटी आली की यापूर्वीचं काही उपलब्ध नाही. घड्याळजी त्या पाटीकडे बराच वेळ बघत बसले. बाई आतून म्हणाल्या, "काय शोधताय एवढं?" ते म्हणाले, "काही नाही. बातम्या."

आता इथून पुढे खरी गंमत आहे, असं घड्याळजी म्हणतात, आणि न्हावी या ठिकाणी नेहमी खुर्ची पुढे ओढतो.

त्या संध्याकाळी बातम्यांची धून वाजली आणि घड्याळजींनी सवयीने दुकानातल्या मुख्य घड्याळाकडे पाहिलं. धून उशिरा आली होती. शिंक येऊन जावी एवढाच उशीर, पण त्यांच्या नजरेतून तो सुटणार कसा? बँकवाल्यांकडे विनोदावर हशा व्हायचा, तो छतातून झिरपत खाली यायचा, आणि मग सावकाश खाली विनोद व्हायचा. "बायको आधी हसायला लागली तर वरचं हसणं कोणतं आणि घरचं कोणतं, हेच कळेना," घड्याळजी म्हणतात. त्यांचा फार अपमान झाला. ज्याच्या दुकानावरून शाळेची घंटा लागते, त्याच्या घरात टीव्ही मागे.

त्यांनी कंपनीला फोन लावला. आधी एक बाई म्हणाली की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग बासरी लागली, मग परत तीच बाई. ऑपरेटरबाईंनी फोन कानाला लावून पाहिला आणि नाक मुरडलं. "ही बाई श्वास घ्यायला थांबतच नाही. आमच्या वेळी सुपरवायझरने बाहेर काढली असती." बासरी ऐकता ऐकता घड्याळजींना डुलकी लागली. जागे झाले तेव्हा एक तरुण आवाज म्हणत होता, "माणूस पाठवतो, काका."

माणूस आला. त्याने डबी बदलली. उशीर वाढला. आता वर हशा झाला की बाई दूध तापवायला ठेवायच्या, आणि दूध वर आलं की खाली विनोद व्हायचा. परत तक्रार, परत माणूस. त्याने तार बदलली, आणि सकाळच्या बातम्या संध्याकाळी यायला लागल्या. तिसऱ्या वेळी एक वरिष्ठ गाडीतून आला, त्याने लॅपटॉप जोडून काहीतरी खोल दुरुस्त केलं, आणि घड्याळजींच्या घरात कालचा दिवस उजाडला.

बाईंना मात्र ते आवडलं. "कालच्या बातम्या ऐकताना बरं वाटतं हो," त्या म्हणाल्या. "जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आणि आपण अजून आहोत." टीव्हीवर पाऊस येणार म्हणून सांगत, आणि बाहेर तोच पाऊस पडून वाळलेला असे. त्या दोघांची संध्याकाळ इतकी सैल झाली की दिवा लावायची आठवण होईना. खोलीत निळसर उजेड, पडद्यापलीकडे घड्याळांची रिपरिप, आणि वरून ठिबकणारं उद्याचं हसू. गुरुजी एकदा साखर मागायला आले आणि साखर न घेता बसून राहिले.

एके दिवशी घड्याळजी चपापून उठले. प्रत्येक दुरुस्तीला टीव्ही मागे जातो आहे. मग दुरुस्त्या होतच राहिल्या, तर तो एक दिवस कुठे जाऊन पोचेल?

त्या दिवसापासून त्यांनी तक्रारींचा सपाटा लावला. चित्र फिकट आहे, या. आवाज जाड आहे, या. निवेदिकेचा चेहरा उदास वाटतो, या. कंपनीकडून फोन यायचा, "समाधान झालं का, काका?" "अजिबात नाही. जरा जोरात दुरुस्त करा."

आणि टीव्ही मागे जात राहिला. निवडणुका आधी जिंकल्या गेल्या आणि मग त्यांचा प्रचार झाला. बातम्या देणाऱ्या गृहस्थांच्या डोक्यावर हळूहळू केस परत आले. जाहिरातीतली आजी आई झाली, आई मुलगी झाली. मग एका संध्याकाळी पडद्यावरून लाल रंग गेला. काही दिवसांनी हिरवा. निळा बराच काळ रेंगाळला, खिडकीच्या कडेला चिकटून राहणाऱ्या उजेडासारखा, आणि मग तोही गेला. टीव्ही काळापांढरा झाला. कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला, त्याने पडद्याकडे पाहिलं, हलक्या आवाजात म्हणाला, "काका, ही वाहिनी माझ्या जन्माआधी बंद झाली," आणि बूट हातात घेऊन चोरपावलांनी निघून गेला.

आता काम नाजूक होतं. गव्हाचं पीक पडद्यावर दिसायला लागलं होतं. जवळ आलोय, हे घड्याळजींनी किडीवरून ओळखलं. जरा जास्त दुरुस्ती झाली तर ती संध्याकाळ ओलांडून टीव्ही पलीकडे निघून जायचा. त्यांनी फोन लावून सांगितलं, "आज माणूस पाठवा, पण जरा कमी अनुभवाचा पाठवा. थोडंसंच बिघडवायचं आहे." आणि तो आल्यावर घड्याळजी डोळ्यावर भिंग चढवून त्याच्या शेजारी बसले आणि घड्याळाची स्प्रिंग लावावी तसं त्याला सांगत राहिले, "हळू. अजून हळू. बस."

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला हाताला धरून आणून समोर बसवलं. दार आतून लावलं. वर बँकवाल्यांकडे कसलासा सामना चालू होता, तोही ऐकू येईनासा झाला. पडद्यावर पाटी आली: टेलिफोन एक्स्चेंज महिला मंडळ. मग दोन रांगांत बायका उभ्या असलेल्या दिसल्या, पुढच्या रांगेत मधोमध ऑपरेटरबाई, खांद्यावर वेणी पुढे घेतलेली. चित्र हललं नाही. घड्याळजी जागचे उठले नाहीत.

आणि मधलं कडवं आलं.

"काय सांगू तुम्हाला," घड्याळजी म्हणाले. दुकानात आता कोणी हलत नव्हतं. गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण वाळून त्याला तडे गेले होते. "एकटीचा आवाज. असा सरळ वर चढला, की दुकानातली सगळी घड्याळं एका क्षणी थांबली. टिकटिक नाही, काही नाही. बँकवाले शपथेवर सांगतील, त्यांची डिश आपोआप खाली वाकली, आमच्या खिडकीकडे. भिंतीपलीकडे गुरुजींच्या डोळ्यांना धार. आणि ही माझ्या शेजारी बसून स्वतःचं गाणं ऐकत होती. पहिल्यांदा. मी म्हटलं, झालं. आता माझ्याकडे काही बाकी राहिलं नाही. ते कडवं मी ऐकलं, अगदी शेवटच्या सुरापर्यंत—"

"खोटं."

पडदा बाजूला झाला होता. ऑपरेटरबाई मागच्या दाराने आल्या होत्या. हातातली पिशवी अजून खाली ठेवलेली नव्हती. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

घड्याळजींनी चटकन भिंग उचललं आणि चुकीच्या डोळ्याला लावलं. "अगं, म्हणजे थोडं वाढवून सांगतो मी. गिऱ्हाईक रमतं."

"टीव्हीचं सांगा हवं ते. डिश वाकवा, रंग उडवा. पण मधलं कडवं मी गायलेच नाही."

न्हाव्याने आपल्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. गिऱ्हाइकाने मान हलवली. साबणाचा एक तुकडा खाली पडला.

"त्या आठवड्यात सगळ्या लाइनी खराब होत्या," बाई म्हणाल्या. आवाज तसाच होता, परगावी जोडून देतानाचा. "ओरडून ओरडून माझा घसा बसला. कडवं सुपरवायझरबाईंनी म्हटलं. मी मागच्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवले. आणि तुम्ही सगळ्या गावाला सांगून आला होता."

घड्याळजींनी भिंग हळूच काढलं. "पण मग ते डावीकडे... मी वर सारखा विचारत होतो, आलं का, आलं का. तू खालून सांगत होतीस की गेलं."

"सांगणारच. नाहीतर तुम्ही खाली उतरला असतात."

"म्हणजे चित्र—"

बाईंनी पिशवी काउंटरवर ठेवली, त्यांच्या शर्टाच्या कॉलरवरचा एक धागा काढून टाकला आणि म्हणाल्या, "चित्र तुम्ही वर चढायच्या आधीच आलं होतं."